शेपटी नसलेला पिंपळ

पानाच्या टोकाला शेपटी किती लांब असावी, या एका प्रश्नावरून आमच्या सोसायटीतलं भलंमोठं झाड जवळजवळ तोडलं गेलं होतं. तो प्रश्न उकरून काढणारा इसम मी. हे सुरुवातीलाच कबूल करतो, म्हणजे पुढे माझ्याच तोंडून माझं कौतुक ऐकू यायला लागलं तर तुम्ही सावध असाल.

तोवर झाडांचं आणि माझं फारसं बोलणं नव्हतं. आंबा, नारळ, गुलमोहर आणि दारातली तुळस एवढी ओळख. बाकी सगळी नुसती ‘झाडं’. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी ते कानावर घेतलं, बायकोने मनावर घेतलं. तिच्या ऑफिसातल्या कुणाकडून तिला एका गटाचा पत्ता लागला होता. पाच-सहा हौशी माणसं दर रविवारी सकाळी येऊरच्या डोंगरात झाडं ओळखायला जायची. माझं नाव तिने परस्पर घालून टाकलं आणि शनिवारी संध्याकाळी कॅनव्हासचे बूट माझ्यासमोर आणून ठेवले.

गटाच्या म्होरक्या होत्या एक बाई. सत्तरीच्या, माझ्या खांद्यालाही न लागणाऱ्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. डोंबिवलीला मानपाड्यात राहायच्या आणि आम्ही ठाण्याची माणसं डोळे चोळत पोचायच्या आत तिकडून येऊन उभ्या असायच्या. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या शेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक छोटं भिंग. या दोहोंपैकी कुठलं आधी गळ्यात आलं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. “भिंग,” त्या म्हणाल्या, “आणि ते अजून कुरकुरलेलं नाही.” त्याच क्षणी मी त्यांचा झालो.

बाईंचा एक नियम होता. झाडाचं नाव उच्चारायच्या आधी तीन साक्षीदार हजर करायचे. साक्षीदार म्हणजे खुणा, आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणच्या हव्यात. पान एक, साल एक, फूल किंवा फळ एक. नाहीतर वास, चीक, देठ, काहीही. पण एकाच पानाकडे तीनदा बघितलं तर तो एकच साक्षीदार धरला जायचा. दोनच मिळाले तर ‘माहीत नाही’ म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द बाई इतक्या थाटात म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, हीच त्यांची पदवी.

पहिल्या काही रविवारी सोपी पात्रं रंगमंचावर आली. ऐन आणि अर्जुन हे अगदी जवळचे नातेवाईक, पण ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली आणि अर्जुनाची गुळगुळीत, गोरीपान, नुकतीच आंघोळ करून आल्यासारखी. हे आंधळ्यालाही कळावं, आणि बाई खरोखरच डोळे मिटायला लावायच्या. तळहात खोडावर ठेवा आणि सांगा. मी डोळे मिटून एका ऐनाला दोन्ही हातांनी कवटाळलं असताना एक कुटुंब सकाळच्या फेरीला तिथून गेलं. त्यातल्या आईने मुलीला जवळ ओढून घेतलं.

मग जरा कठीण मामला सुरू झाला. काळा कुडा आणि पांढरा कुडा. दोघांची फांदी मोडली की पांढरा चीक येतो, दोघांना पांढरी फुलं, दोघांच्या लांब शेंगा जोडीजोडीने लोंबतात. मी म्हटलं, हे एकच आहे, तुम्ही उगाच भांडण लावताय. बाईंनी एक फूल माझ्या तळहातावर ठेवलं आणि भिंग माझ्या डोळ्याला लावलं. फुलाच्या घशात बारीक झालर होती, फ्रॉकला असते तशी. हा काळा. पांढऱ्या कुड्याचा गळा साफ, झालर नाही. आणि शेंगा? काळ्याची जोडी टोकाशी एकमेकांना चिकटलेली, पांढऱ्याच्या दोन शेंगा आपापल्या दिशेला. “एक जोडपं हात धरून बसलंय आणि एक भांडून बसलंय,” बाई म्हणाल्या. त्यानंतर मला कुठल्याही लग्नात स्टेजवरच्या जोडप्याकडे बघताना कुडा आठवायला लागला. आमच्या घरी मी पांढरा की काळा, हे बायकोने अजून सांगितलेलं नाही.

पण सगळ्यात थरारक धडा दिला तो बाईंनी नव्हे. पावसाळ्यात आमच्या इमारतीमागे टाकळ्याचं रान माजतं. मी पिशवीभर कोवळा टाकळा खुडला आणि बाईंना दाखवायला थेट डोंबिवलीला नेला. त्यांनी पिशवीत एकदाच डोकावून पाहिलं आणि मला बाजारात घेऊन गेल्या. तिथे कल्याणच्या पलीकडच्या एका वाडीवरून रानभाज्या आणणारी एक बाई फुटपाथवर बसायची. बाईंनी माझी पिशवी तिच्यापुढे उपडी केली. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी शेवग्यावरून वाद घालत होती. वाद न थांबवता, खाली न बघता तिने नुसता हात फिरवला आणि माझ्या ढिगातून चार-पाच काड्या काढून बाजूला टाकल्या.

“ही टाकळ्याची नाय, दादा,” ती म्हणाली. “कासविंद्याची हाय. पान मोज.”

मी मोजलं. टाकळ्याच्या काडीवर छोट्या पानांच्या तीन जोड्या, टोकाला गोलसर. बाजूला टाकलेल्यांवर चार-पाच जोड्या, टोकाला अणकुचीदार. चुरगळल्यावर वासही वेगळा, उग्र. टाकळा भाजीत जातो, कासविंदा भल्याभल्यांना आजारी पाडतो. त्या हाताला हे सगळं आधीच कळलं होतं, आणि त्याच वेळी तोंड शेवग्याचा भाव सोडत नव्हतं. मी फुटपाथवर उभ्याउभ्या तिला नमस्कार केला. तिने मला भाजी घ्यायची नसेल तर बाजूला व्हायला सांगितलं.

असं सगळं छान चाललं होतं. मग सप्टेंबरात, डोंगराच्या एका कातळावर, पिंपळ आला.

निदान मला तरी तो पिंपळ वाटला. कातळाच्या भेगेत मुळं रुतवून, वाकडातिकडा, पण पान ओळखीचं. बदामाच्या आकाराचं, लांब देठाचं. मी दुरूनच हात पसरून नाव जाहीर केलं. बाईंनी साक्षीदार मागितले. मी म्हटलं, पिंपळाला कसला साक्षीदार, पोर जन्मल्यापासून ओळखतं. त्यांनी एक पान तोडून माझ्या हातात दिलं आणि पिशवीतल्या वहीतून दुसरं, वाळलेलं पान काढून शेजारी ठेवलं.

वाळलेलं पान खऱ्या पिंपळाचं होतं. टोकाला निमुळती, लांबच लांब शेपटी, माझ्या करंगळीहून मोठी. कातळावरच्या पानाला टोक होतं, पण शेपटी म्हणावी असं काही नव्हतं. जणू कुणी येऊन हळूच कापून नेली होती. देठ आणि मधली शीर गुलाबीसर, गरम पाण्यात हात घातल्यावर बोटं होतात तशी. फळं बारीक, पण पिंपळाची फांदीला चिकटून बसतात, याची इवल्याशा दांडीवर. हा पायर, बाईंनी सांगितलं. पिंपळाचा चुलतभाऊ. याला कातळ आवडतो, भिंत आवडते, माणसं याला पिंपळ म्हणतात आणि हा दुरुस्त करत नाही.

तो दिवसभर मी पायर, पायर पुटपुटत होतो. नवीन शिकलेल्या गोष्टीची खाज फार वाईट. पुढच्याच शनिवारी सकाळी ती मला नको तिथे सुटली.

आमच्या सोसायटीच्या आवारात, पंपाच्या खोलीजवळ, एक पिंपळ आहे. म्हणजे सगळे त्याला पिंपळ म्हणत. तळमजल्यावरच्या काकू, वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहणाऱ्या, दर शनिवारी त्याला पाणी घालून प्रदक्षिणा घालायच्या. मी इथे राहायला आलो त्याला आता नऊ वर्षं झाली आणि एकही शनिवार चुकलेला मला आठवत नाही. त्याच झाडाखाली आमचे चेअरमन गाडी लावायचे आणि दर सकाळी टपावरची फळं, पानं आणि पक्ष्यांची कृपा धुवायचे. झाड नसतं तर तिथे चार गाड्या बसल्या असत्या, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना अनेकदा सांगितलं होतं. पण पिंपळाला हात कोण लावणार? विषय निघाला की मीटिंगमध्ये सगळ्यांना घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं. झाड सुरक्षित होतं ते केवळ पिंपळ असण्याच्या जोरावर.

त्या शनिवारी मी दूध घेऊन येत होतो. काकूंच्या फेऱ्या चालू होत्या, चेअरमन बादली घेऊन गाडीला भिडले होते. एक पान माझ्या पायाशी पडलं. मी उचललं. शेपटी नव्हती.

इथे शहाण्या माणसाने पान खिशात घालून घरी जायचं असतं. मी ते उंच धरलं आणि, नाटकातला वकील पुरावा सादर करतो त्या आवाजात, हा पिंपळ नाहीच, हा पायर, असं जाहीर केलं. वर शेपटी, देठ, चुलतभाऊ, सगळा पाठ म्हणून दाखवला.

चेअरमननी फडकं बादलीत टाकलं. “नक्की नाही?” त्यांनी विचारलं. 

“नक्की नाही,” मी म्हणालो. मला वाटलं, माणसाला विषयात गोडी निर्माण झाली.

काकू सातव्या फेरीवर थांबल्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या. मग उरलेल्या फेऱ्या त्यांनी पूर्ण केल्या, जरा हळू. तांब्यातलं पाणी घालताना मात्र त्यांचा हात मधेच थांबला, आणि तो थांबलेला मी पाहिला.

संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला. पुढच्या रविवारी सभा, विषय एकच: आवारातील झाड (पिंपळ नसलेले) काढण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याबाबत ठराव. कंसातल्या दोन शब्दांचा कर्ता मी होतो. बायकोने बोर्ड वाचला, जिना चढून वर आली, पर्स ठेवली आणि विचारलं, “तुला कुणी विचारलेलं का?” नऊ वर्षांत तिला आमच्या घराबद्दल एकच गोष्ट आवडली होती, ती म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीत येणारी त्या झाडाची फांदी. हे ती मला सांगत बसली नाही. नुसती खिडकीत जाऊन उभी राहिली.

मी काकूंकडे गेलो. त्यांनी चहा केला. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की मी म्हणतो ते खरं आहे का, हे कुणीतरी जाणत्या माणसाने सांगावं. इमारत नवी असताना पंपाच्या भिंतीतून ते रोप वर आलं होतं. गवंडी ते उपटणार होता. काकूंनी पान बघितलं, पिंपळ म्हणाल्या आणि मालकांबरोबर, म्हणजे त्यांच्या यजमानांबरोबर, ते हाताने काढून मोकळ्या जागी लावलं. यजमान जाऊन चौदा वर्षं झाली होती. “म्हणजे सुरुवातीलाच चुकले मी,” त्या म्हणाल्या.

सोमवारी मी मानपाड्याला बाईंच्या घरी होतो. सगळं घर जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनी भरलेलं आणि प्रत्येक गठ्ठ्यात दाबून वाळवलेली पानं. मी माझा अपराध सांगितला आणि मग विनंती केली. रविवारी या, झाड बघा आणि सगळ्यांसमोर त्याला पिंपळ म्हणा. एकदाच. देवासाठी नाही, झाडासाठी. तुमच्या शब्दापुढे चेअरमन जाणार नाहीत. मी बरंच बोललो. आवाजात थोडा कंपही आणला.

बाईंनी ऐकून घेतलं. “चाळीस वर्षं मुलांना सांगत आले की जे दिसतं ते सांगा,” त्या म्हणाल्या. “आता पार्किंगसाठी बदलू का? येईन मी. झाड बघेन. ते जे असेल ते सांगेन.”

मी म्हटलं, मग झाड जाईल. त्या म्हणाल्या, तू एका पानावर त्याला पायर ठरवलंस, कदाचित ते पायर नसेलही. त्या एका ‘कदाचित’वर मी तो आठवडा काढला. रोज सकाळी खाली उतरून शेपटीचं एखादं तरी पान सापडतं का ते शोधत होतो. चेअरमनना वाटलं, मी झाडू मारायला लागलोय.

रविवारी झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. पंचवीसेक माणसं जमली, काकू पहिल्या रांगेत. बाईंनी कुणालाही नमस्कार करायच्या आधी झाडाभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. काकू त्यांच्या पायांकडे बघत होत्या, दिशा बरोबर आहे का ते. होती.

मग जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. ती छोटीशी बाई कामाला लागली आणि आवार शांत झालं. तिने सालीवरून बोटं फिरवली. बुंध्याशी फुटलेल्या कोंबाची पानं बघितली आणि ती सोडून दिली, कारण कोवळं रोप पुष्कळदा फसवतं. काठीने खालच्या, मधल्या आणि उंच फांदीवरचं प्रत्येकी एक पान काढवून घेतलं, तिन्ही पारावर ओळीत ठेवली आणि प्रत्येकाच्या टोकावर करंगळी ठेवून पाहिली. देठाची गुलाबी झाक उन्हात धरून बघितली. जमिनीवरून तीन-चार फळं वेचली, भिंगाखाली धरली आणि त्यांची इवलीशी दांडी शेजारच्या मुलीला दाखवली. मुलगी म्हणाली, “अय्या, चेरीसारखं.” पहिल्या रांगेतल्या माणसांनी माना लांबवल्या. दोन मिनिटांनी भिंग रांगेत फिरायला लागलं आणि सभेचा विषय काय होता, हे निम्मे लोक विसरले. माझ्या शेजारी राहणारे, ज्यांनी आयुष्यात शेअरच्या भावाशिवाय काही बघितलं नसेल, ते फळ डोळ्याला लावून ‘क्या बात है’ म्हणाले.

शेवटी बाईंनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि वर बघितलं. वारा होता. पिंपळाचं पान जराशा वाऱ्यातही टाळ्या वाजवतं, हे आपण सगळे जाणतो. हे झाड हलत होतं, पण आवाज बेताचाच, कुणी दाराआड बोलावं तसा.

“असंच असतं का याचं?” काकूंनी विचारलं. बाई हो म्हणाल्या. “मला वाटायचं, माझे कान गेले. सगळे म्हणतात पिंपळ सळसळतो. मला कधी तेवढं ऐकूच आलं नाही. डॉक्टरला विचारणार होते मी.”

कुणीतरी हसलं, मग काकूच हसल्या. बाईंनी त्यांच्याजवळ जाऊन, खुर्चीच्या हातावर हात ठेवून, निकाल सांगितला. सगळ्यांना ऐकू जाईल असा, पण त्यांना. हा पायर आहे. साक्षीदार तीन नव्हे, पाच आहेत. देखणा आहे, निरोगी आहे, आणि कुठलंही झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते, पिंपळ असो वा नसो. पण पिंपळ मात्र नाही.

चेअरमननी मान हलवली. अर्ज तर करून बघू, ते म्हणाले. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं. बायको माझ्याकडे बघत नव्हती, हे जास्त वाईट होतं.

“मग मी इतकी वर्षं पाणी घातलं, ते कुणाला गेलं?” काकूंनी बाईंना विचारलं.

“यालाच गेलं, ताई. बुंधा बघा की केवढा झालाय.”

काकूंनी बुंधा बघितला. बराच वेळ. मग खुर्चीतच वळून त्या चेअरमनकडे बघायला लागल्या. “तू होतास ना रे याच्या मुंजीला?”

मला आणि माझ्यासारख्या नंतर आलेल्या मंडळींना काहीच कळेना. चेअरमन मात्र एकदम पंधरा वर्षांनी तरुण दिसायला लागले, चोरी पकडलेल्या मुलासारखे. हळूहळू जुन्या लोकांकडून कळलं. काकूंना मूल नव्हतं. घरात मुलगा नसलेली माणसं पूर्वी पिंपळाची मुंज लावायची, आणि काकूंनी आणि त्यांच्या यजमानांनी या झाडाची लावली होती. रीतसर, भटजी बोलावून. बुंध्याला पंचा नेसवला, जानवं घातलं, फांदीला झोळी बांधली. सगळी सोसायटी जेवली. बायकांनी ओळीने येऊन झाडाच्या झोळीत भिक्षा घातली. समोर बसलेल्या निम्म्या माणसांनी त्या दिवशी या झाडाखाली पंगत मारली होती.

“दोन लाडू घातलेस झोळीत,” काकू म्हणाल्या, “आणि चार खाल्लेस. मी मोजत होते.” मग त्यांनी झाडाकडे हात केला. “आता याचं नाव चुकलं होतं, हे मला आज कळलं. या बाई खोटं बोलत नाहीत, ते दिसतंय मला. नाव बदलते मी. पण मुंज लागलेल्या मुलाचं नाव दाखल्यावर चुकलं असेल तर नाव दुरुस्त करतात रे. मुलाला घराबाहेर काढत नाहीत.”

वाऱ्याने झाड पुन्हा हललं, बेताने. दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी सांगितलं की त्या दिवशी मातृभोजनाचा घास भरवायला त्यांची बायको बसली होती. आणखी एकीने सांगितलं, तिचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि माझी पण मुंज झाडासारखी बाहेर करा म्हणून रडला होता. सेक्रेटरींनी चेअरमनकडे बघितलं. हात वर करून मतं घ्यायची का, असा त्यांचा प्रश्न होता.

“घेऊ नका,” चेअरमन म्हणाले. “विषय खोडा.” मग जरा थांबून, “आणि लाडू तीन होते, काकू.”

“चार,” काकू म्हणाल्या.

सेक्रेटरींनी खोडलं. त्यांच्या पेनाचा तो आवाज मला झाडाच्या सळसळीपेक्षा मोठा वाटला. मी पुढे होऊन बाईंचे आभार मानायला गेलो. विनम्रपणाने हेही सुचवलं की शेवटी माझी ओळख बरोबर ठरली. बाई भिंग साडीच्या पदराला पुसत होत्या.

“बरोबर आलं म्हणून मी मार्क देत नाही,” त्या म्हणाल्या. “एका पानावर बोललास. नापास.”

बायको इतकी मनापासून हसली की मला नापास होण्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी काकूंकडे बाईंचं जेवण झालं. मी वाढायला होतो, तेवढ्यापुरतं मला आत घेतलं गेलं. जेवताना काकूंनी पायराबद्दल सगळं विचारून घेतलं. पानं कधी झडतात, नवी पालवी कुठल्या रंगाची, कुठले पक्षी फळं खातात. आणि याच्या जातीला एखादा देव नेमून दिलाय का? बाईंनी बराच विचार केला आणि थाटात म्हणाल्या, माहीत नाही. काकूंना ते उत्तर फार आवडलेलं दिसलं, कारण त्यांनी बाईंना आणखी भात वाढला.

चेअरमननी गाडीला ताडपत्री घेतली आहे. काकूंच्या फेऱ्या चालू आहेत, फक्त आता मधेच थांबून त्या एखादं पान उलटं करून बघतात, कुणी आपलं नातवंड मोठं झालं का बघावं तसं. मी डोंगरात जातोच, आणि कुठल्याही झाडासमोर आता गप्प उभा राहतो. गटातल्या नव्या लोकांना मी फार विद्वान वाटतो.

गेल्या शनिवारी पलीकडच्या इमारतीत नव्याने राहायला आलेली एक तरुण बाई तांब्या घेऊन आवारात आली. इकडे पिंपळ आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. काकूंनी फेरी थांबवली. “आधीच सांगते,” त्या म्हणाल्या, “हा पिंपळ नाही, पायर आहे. चालत असेल तर फिर.”

तिने झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ताडपत्रीखालच्या गाडीकडेही पाहिलं. मग पारापाशी चपला काढल्या. पण काकूंनी तिला लगेच फिरू दिलं नाही. एक पान तोडून तिच्या हातावर ठेवलं आणि तिची करंगळी धरून टोकावर टेकवली.